कलावंताचे घर आणि कॅमेरा : मावळच्या वाटेवरील काही स्मृती

मुंबईहून पुण्याकडे आगगाडीने येताना बोरघाट चढून गाडी खंडाळा व लोणावळा ही स्थानके मागे टाकते, आणि थोड्याच वेळात मळवली नावाचे एक लहानसे स्थानक येते. उजव्या हातास भाज्याची लेणी आणि त्यांच्यावर लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले. डाव्या हातास इंद्रायणीपलीकडे कार्ल्याचा डोंगर व एकवीरेचे देऊळ. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे देवीच्या दर्शनासाठी किंवा लेणी पाहण्यासाठी या स्थानकावर उतरली असतील. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या देवघरात काचेच्या चौकटीत जी लक्ष्मी व जी सरस्वती विराजमान होती, तिच्या तसबिरी बहुधा याच परिसरात छापल्या गेल्या, हे किती जणांच्या ध्यानी असेल याची शंका आहे. त्या तसबिरींच्या तळाशी बारीक अक्षरांत रविवर्मा प्रेस, कार्ले-लोणावळा असा मजकूर छापलेला असे.

प्रस्तुत लेखकाच्या घरी एक जुने छायाचित्र आहे. ओटीवर एक मध्यमवयीन गृहस्थ मांडी घालून बसले आहेत. अंगात बाराबंदी, डोक्यास पागोटे. त्यांच्या समोर एक जाडजूड चौकोनी दगड असून हातात लेखणीसारखे काही आहे. मागे दाराच्या फटीतून एक लहान मुलगी डोकावते. हे मळवलीच्या कारखान्यात कामाला होते, एवढेच आजी सांगत असे. आजी वारल्यावर नाव विचारावयास कोणी उरले नाही. घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी तीन निरनिराळी नावे सांगितली. चित्राच्या पाठीमागे एक अक्षरही नाही. कलावंतांची त्यांच्या राहत्या घरी घेतलेली छायाचित्रे, हा या लेखाचा विषय या एका चित्रावरून सुचला. अशा चित्रांचा इतिहास आपल्या प्रांतात कसा घडला आणि त्या इतिहासात कोणास जागा मिळाली व कोण बाहेर राहिले, याचा थोडासा मागोवा येथे घेण्याचा विचार आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि फार काळ न लोटता ती मुंबईस पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांची गणना होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकी सांभाळून उत्तम छायाचित्रे काढीत. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्गही निघाला आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालविला. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे केवळ साहेबलोकांच्या हाती राहिले नव्हते; एतद्देशीयांनी ते प्रारंभापासूनच आत्मसात केले.

तथापि त्या काळी एखाद्याच्या घरी जाऊन छायाचित्र घेणे हे सोपे काम नव्हते. १८५१ नंतर रूढ झालेल्या पद्धतीत काचेवर ओले रसायन पसरून, ते वाळण्यापूर्वीच कॅमेऱ्यात घालून आणि लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन चित्र उमटवावे लागे. स्वयंपाकघरात पोळी तव्यावरून उतरते ना उतरते तोच पानात वाढावी, तशी ती घाई असे. त्यासाठी रसायनांच्या बाटल्या, काचा व अंधाऱ्या तंबूचा संसार बरोबर वाहून न्यावा लागे. शिवाय काचेवर उजेडाचा परिणाम होण्यास काही सेकंद लागत आणि घराच्या आत तर त्याहूनही अधिक. तेवढा वेळ माणसाने निश्चल बसावयाचे. डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. आपल्या पूर्वजांची जुनी छायाचित्रे इतकी ताठ व गंभीर का दिसतात, याचे एक कारण यात आहे.

यास्तव माणूस स्टुडिओत जाई. तेथे छपरास काचा बसवून उत्तरेचा उजेड आत घेतलेला असे. मागे रंगविलेला पडदा, त्यावर खांब, कमानी व बागबगीचे. बाजूस नक्षीची खुर्ची व तिपाई. सरदार असो, सावकार असो वा चित्रकार असो, सर्वांस तीच खुर्ची आणि तोच पडदा. त्यामुळे छायाचित्रावरून चित्रात बसलेला मनुष्य कोणता उद्योग करतो हे सहसा कळत नसे. कलावंत तेथे आपली कला बाहेर ठेवूनच येई.

ही स्थिती पालटली ती कोरड्या काचांमुळे. जिलेटिनचा थर दिलेल्या काचांची कल्पना १८७१ साली इंग्लंडातील डॉ. मॅडॉक्स यांनी मांडली व १८८० च्या सुमारास अशा तयार काचा बाजारात मिळू लागल्या. त्या आधी तयार करून ठेवता येत, सावकाश घरी नेऊन धुता येत आणि उजेडासही अधिक तत्पर असत. छायाचित्रकार आता गिऱ्हाइकाच्या दारी जाऊ शकला. या सोयीचे फळ म्हणून १८८४ साली लंडनमध्ये जे. पी. मेयॉल या छायाचित्रकाराने एक नामांकित संग्रह प्रसिद्ध केला. त्याचे नावच मुळी कलावंत आपापल्या घरी अशा अर्थाचे होते. लॉर्ड लेटन, मिले यांसारख्या तत्कालीन मोठ्या चित्रकारांस त्याने त्यांच्या घरातील चित्रशाळांत बसवून चित्रे घेतली आणि प्रत्येकाचा परिचय एफ. जी. स्टीफन्स या टीकाकाराने लिहिला.

या संग्रहातून वाचकाला जे दिसले ते विचार करण्याजोगे आहे. उंच छताच्या दालनात गालिचे, मूर्ती, पुस्तके व अर्धवट चित्रे यांच्यामध्ये हा गृहस्थ एखाद्या मानकऱ्यासारखा उभा किंवा बसलेला आहे. रंगाने हात माखलेला कारागीर ही जुनी प्रतिमा जाऊन विद्वान, संपन्न व प्रतिष्ठित कलावंत ही नवी प्रतिमा समाजापुढे आली. घर हा त्या प्रतिष्ठेचा पुरावा होता. लेटन यांचे लंडनमधील घर तर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

आता आपल्या समाजाकडे वळू. आपल्याकडे चित्र काढणे, मूर्ती घडविणे, भिंती रंगविणे हे पिढीजात धंदे होते. त्या कामास मान होता. परंतु करणाऱ्याचे नाव विचारण्याची रीत नव्हती. १८५७ साली मुंबईस जे. जे. कलाशाळा निघाली आणि हळूहळू निरनिराळ्या ज्ञातींतील मुले तेथे जाऊ लागली. मुलगा चित्रकार होणार म्हटले की घरात चिंता पसरे. वकिली, सरकारी नोकरी किंवा निदान शिक्षकी पत्करावी असे वडील मंडळींस वाटे. आपल्याही कित्येक कुटुंबांत असे प्रसंग घडले असतील. अशा काळात चित्रकाराने आपल्या राहत्या घरी, आपल्या कुटुंबासह, आपल्या चित्रांच्या सान्निध्यात छायाचित्र काढून घेणे यास एक सामाजिक अर्थ होता. आपणही गृहस्थाश्रमी व प्रतिष्ठित असून आपला उद्योग लपविण्याजोगा नाही, असे त्यातून तो सांगत असे.

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १८६७ साली कोल्हापुरास जन्मलेले हे पाठारे प्रभू गृहस्थ १८९० साली जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून गेले. पुढे तेथेच शिक्षक झाले आणि अखेरीस काही काळ त्या संस्थेच्या प्रमुखपदापर्यंत चढून १९३१ साली निवृत्त झाले. त्या दीर्घ काळाची हकीकत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या ग्रंथात सांगितली आहे. १८९५ साली मुंबईच्या आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले, ते एका घरगुती विषयावरील चित्रासाठी. घरातील दिवाणखाना, लग्नसमारंभ, दारात उभी गृहिणी, सणावारी सजलेल्या स्त्रिया हे त्यांच्या कुंचल्याचे आवडते विषय होते. कन्या अंबिकाबाई यांनीही वडिलांचीच विद्या घेतली, १९३१ साली जे. जे. ची पदविका मिळविली आणि ‘माझी स्मरणचित्रे’ या पुस्तकात त्या घराच्या आठवणी लिहून ठेवल्या. पित्याने आपली हकीकत लिहिली आणि मुलीने घराची. म्हणून या कुटुंबाच्या छायाचित्रांतील माणसे आज आपणाशी बोलू शकतात. लेखी शब्दाची जोड मिळाली की छायाचित्र किती बोलके होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

येथून पुन्हा मावळात येऊ. मावळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मावळे व किल्ले उभे राहतात. छपाई व चित्रे यांचा विचार सहसा मनात येत नाही. परंतु १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला आणि लोणावळा-खंडाळ्याचा हा टापू मुंबईच्या दाराशी आला. हवा थंड, पाणी मुबलक व मुंबईच्या मानाने जागा स्वस्त. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत आपला शिळाछापखाना सुरू केला होता आणि शकुंतलेचा जन्म हे चित्र तेथून प्रथम बाहेर पडले. १८९६ पासून मुंबईत प्लेगाने थैमान घातले. १८९९ साली छापखाना मळवलीस हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी तो आपल्याकडील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांस विकला आणि श्लायशर यांनी तो भरभराटीस आणला.

रंगीत शिळाछाप हा फार कष्टाचा उद्योग होता. त्यासाठी लागणारा गुळगुळीत चुनखडीचा दगड जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातून येई. दगड वाळूने घासून त्याचे पृष्ठ तयार करावयाचे, त्यावर चिकट शाईने अथवा खडूने चित्र उलटे उतरवावयाचे आणि मग पाणी व तेल एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या तत्त्वावर छाप घ्यावयाचा. पाणी कोऱ्या दगडावर राहते, शाई चिकट रेघेवर बसते. प्रत्येक रंगास निराळा दगड लागे. एकाच लक्ष्मीच्या साडीचा गुलाबी, कमळाचा पांढरा, पाण्याचा निळा, अंगकांतीच्या दोन-तीन छटा, असे अनेक दगड एकापुढे एक छापून चित्र पूर्ण होई आणि एक छाप केसभर सरकला तरी देवीच्या डोळ्यांतील भाव बिघडे. मूळ तैलचित्र पाहून त्याचे रंग मनात फोडावयाचे आणि प्रत्येक रंगाचा अंश निराळ्या दगडावर हाताने उतरवावयाचा, हे काम करणारा मनुष्य कोणत्याही व्याख्येने कलावंतच होता.

आता छायाचित्रांकडे पाहावे. राजा रविवर्मा यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ते स्वतःही छायाचित्राच्या विद्येचा उपयोग करीत. चित्रासाठी बसविलेल्या व्यक्तींची छायाचित्रे घेऊन त्यांवरून काम करण्याची पद्धत त्यांच्याकडे होती. त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा हे जन्मभर त्यांच्या सोबत हिंडले, एकाच चित्रफलकावर त्यांच्यासमवेत काम करीत राहिले आणि निसर्गचित्रे तर स्वतंत्रपणे फार सुंदर काढीत. परंतु लोकांच्या स्मरणात एकच बंधू राहिला. राजराज वर्मा १९०५ साली निवर्तले व पुढच्याच वर्षी रविवर्मा गेले. सुदैवाने धाकटे बंधू रोजनिशी लिहीत असत. ती पुढे २००५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हा त्या दोघांचा प्रवास, बिऱ्हाडे, आजार, गिऱ्हाइके, चित्रे पुरी करण्याची घाई, हे सर्व अभ्यासकांस घरच्या नजरेतून पाहावयास मिळाले. छायाचित्रात शेजारी बसलेल्या एका अबोल गृहस्थाचे महत्त्व एका वहीने पुढे आणले.

मळवलीच्या दगडांवर वाकलेल्या कारागिरांजवळ मात्र अशी वही नव्हती. तसबिरीवर रविवर्म्यांचे नाव आले, छापखान्याचे नाव आले, गावाचे नाव आले. दगड उतरविणाऱ्याचे नाव विकत घेणाऱ्याच्या दृष्टीस पडले नाही. गावोगाव लाखो हातांनी ज्या चित्रांस फुले वाहिली, ती कोणाच्या हातून उमटली हे घरातल्या घरातच माहीत असे. पहिली पिढी गेली आणि तेही विस्मरणात गेले.

याच लोणावळ्याशी आणखी एका थोर कलावंताचा संबंध आहे. धुंडिराज गोविंद फाळके हे त्र्यंबकेश्वरास १८७० साली जन्मले. मुंबईस जे. जे. मध्ये व बडोद्यास कलाभवनात शिकले. गोध्र्यास त्यांनी छायाचित्राचा धंदा मांडला. परंतु तेथेच प्लेगाने त्यांच्या प्रथम पत्नीचा अंत झाला. पुढे पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून काही वर्षे नोकरी करून त्यांनी १९०६ च्या सुमारास स्वतंत्र व्यवसायासाठी ती सोडली आणि लोणावळ्यास स्वतःचा कोरीव छपाईचा कारखाना काढला. छायाचित्राच्या साहाय्याने दगडावर चित्र उतरवून देण्याचे काम ते रविवर्मा छापखान्यासाठी करीत. पुढे हा कारखाना दादरला गेला, नवे भागीदार आले आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी फाळके जर्मनीस जाऊन आले. कॅमेरा, शिळाछाप व पुराणकथा यांची सांगड हातास बसली ती या काळात. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, त्याच्या मागे मावळातील ही उमेदवारी होती.

फाळक्यांचे घर हाच त्यांचा कारखाना होता. पडद्यावरील रोहिदास हा त्यांचा मुलगा भालचंद्र आणि १९१९ च्या ‘कालियामर्दन’ मधील कृष्ण ही त्यांची कन्या मंदाकिनी. द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनी रात्रीच्या अंधारात फिल्मच्या पट्टीस भोके पाडण्याचे व ती धुण्याचे काम शिकून घेतले आणि दिवसा साऱ्या मंडळीचा स्वयंपाकही केला. घरात कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून फाळक्यांनी एक लहानसा पट तयार केला होता, हे प्रसिद्धच आहे. फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून न्याहाळणारे दादासाहेब, हे त्यांचे छायाचित्र आज पाठ्यपुस्तकांत, भिंतींवर व टपाल तिकिटांच्या संग्रहांतही आढळते. त्या पट्टीला भोके पाडणारा हात मात्र त्या चित्रात नाही. हा दोष फाळक्यांचा नव्हे, काळाचा आहे. घरातील स्त्रीच्या कामाला काम म्हणून कॅमेऱ्यापुढे बसविण्याची कल्पनाच त्या काळी कोणास सुचत नसे.

ज्यांनी स्वतःच कॅमेरा हाती धरला, असेही कलावंत आपल्याकडे झाले. वेदमूर्ती म्हणून ज्यांची ख्याती आहे ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे चित्रकार. जे. जे. मध्ये शिकून त्यांनी प्रथम हैदराबादेस व पुढे लाहोरास व्यवसाय केला आणि चित्रांबरोबर छायाचित्रणही केले. मावळातच तळेगाव दाभाडे येथे गो. नी. दांडेकर यांनी आपले बिऱ्हाड थाटले. मावळातील पवनेच्या खोऱ्यावर त्यांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी लिहिली आणि किल्ल्यांच्या वाटा तुडविताना कॅमेरा गळ्यात ठेवून शेकडो दुर्गचित्रे टिपली. १९९८ साली ते गेले. गड-किल्ल्यांच्या त्या चित्रांची प्रदर्शने पुढे त्यांच्या घरच्या मंडळींनी भरविली. कलावंताच्या पश्चात त्याच्या छायाचित्रांचे काय होते, हे घरच्या माणसांवर अवलंबून असते, याचा यापेक्षा चांगला दाखला कोणता द्यावा? अलिबागजवळ सासवणे येथे शिल्पकार विनायकराव करमरकर यांचे घर त्यांच्या मूर्तींसह आज पाहावयास मिळते, तेही अशाच आस्थेचे फळ होय.

मळवलीच्या स्थानकावरून कार्ल्याचे लेणे दिसते त्याचा उल्लेख आरंभी केला. त्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर व खांबांवर ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेतील लेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नामक श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले असे एका लेखात आहे. त्याच्या समवेत दुसराही एक लेख आहे. धेनुकाकट येथील सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी, याने या घराचे द्वार घडविले, अशा आशयाचा तो आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धनिकाच्या नावाबरोबर सुताराचे नाव, त्याच्या पित्याचे नाव व त्याचे गाव दगडावर कोरले गेले. त्या सामीचे छायाचित्र अर्थातच नाही; तो कसा दिसे हे कोणी सांगू शकणार नाही. तरीसुद्धा तो आपणास ठाऊक आहे. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दगडावर देवी उतरविणाऱ्यांपैकी एकाचा चेहरा आमच्या घरी चौकटीत आहे, पण तो कोण हे आम्हांस ठाऊक नाही. एकाचे नाव उरले, दुसऱ्याचा चेहरा उरला. दोन्ही एकत्र ठेवणे आपल्या हाती होते आणि आपण ते केले नाही, याची खंत वाटते.

१९७२ साली मळवलीच्या छापखान्यास आग लागली आणि पुष्कळ चित्रे व साहित्य भस्मसात झाले. त्यानंतर त्या उद्योगाची आठवण देणारी साधने मुख्यतः घराघरांतच उरली. देवघरातील तसबिरी आणि पेटीतील छायाचित्रे. म्हणूनच हा विषय या स्मरणिकेत मांडावासा वाटला. संग्रहालये मोठ्या नावांची काळजी घेतात व ते योग्यच आहे. परंतु आपल्या ज्ञातीतील कोणी मूर्ती घडविल्या असतील, कोणी नाटक मंडळीचे पडदे रंगविले असतील, कोणी तबला वाजविला असेल, कोणी भरतकामात नाव मिळविले असेल; त्यांची घरी काढलेली चित्रे कोठल्याही संग्रहालयात नाहीत. ती आपल्या माळ्यावर आहेत.

त्यांचे जतन कसे करावे याविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून हा लेख आटोपतो. छायाचित्राच्या पाठीमागे शाईने लिहू नये. शाई पुढे उतरते. मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहावे. डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे संपूर्ण नाव, नाते, गाव, अंदाजे साल आणि ती व्यक्ती कोणती कला अथवा काम करीत असे, एवढे तरी असावे. माहेरचे नाव विसरू नये. स्त्रियांची ओळख तेथेच हरवते. चित्र घेणाऱ्याचे नाव ठाऊक असल्यास तेही लिहावे. खात्री नसेल तर तसे नमूद करावे. चुकीच्या नावापेक्षा प्रश्नचिन्ह बरे. चित्रे डिंकाने वा चिकटपट्टीने चिकटवू नयेत आणि ओलसर भिंतीस टांगू नयेत. मावळ-कोकणातील पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना बुरशीचे वेगळे वर्णन करावयास नको. हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन असल्यामुळे जुन्या चित्राची प्रत घेणे क्षणाचे काम झाले आहे. पण प्रत घेताना पाठीमागच्या अक्षरांचीही प्रत घ्यावी, नाहीतर तेवढीच पिढी पुढे सरकते आणि अज्ञान तेच राहते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून करावे. दिवाळीत वा गणपतीत घर भरलेले असताना पेटी उघडावी आणि आजी-आजोबांस एकेक चित्र दाखवून विचारावे. त्यांनाही त्यात आनंद असतो. एका दुपारी जे कळेल ते पुढे दहा वर्षे धुंडाळूनही मिळणार नाही.

आमच्या घरच्या त्या चित्रावर आता पेन्सिलीने तीनही नावे लिहून प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे. खाली एवढेच लिहिले आहे : मळवलीच्या कारखान्यातील दगडावरचे कारागीर, आजीकडील नातेवाईक. दाराआडून डोकावणारी मुलगी कदाचित आजीच असावी, असे अलीकडे वाटू लागले आहे. ज्ञातिबांधवांपैकी कोणाच्या संग्रही याच गृहस्थांचे दुसरे एखादे चित्र असेल, आणि त्याच्या पाठीमागे चार अक्षरे असतील, तर ती अवश्य कळवावी.